मधलं

आगरवाड्याला नेट लागतं ते रात्री दीडनंतर,
तेही ओसरीच्या उजव्या खांबाला पाठ टेकली तर.
म्हणून मी तिथंच बसते. मांडीवर लॅपटॉप,
पायाशी डासांची कॉइल,
आणि नारायणगावकडच्या तबकड्यांनी
आठ तास एकाच दिशेला कान लावून
जे गोळा केलं, ते थेंबथेंब उतरतं.

आधी पुसायचं ते आपलं.
माथ्यावरून गेलेले उपग्रह, कुणाचे मोबाइल,
कुठल्याशा मळ्यातल्या पंपाची ठिणगी,
बावीस मिनिटं नुसती वीज.
मग ठळक ठिपके. एकेक आकाशगंगा
तिच्या जागेवरून वजा करायची,
चवथ संपल्यावर माटोळी उतरवताना
आंबाडे, कांगल्या, तोरिंगं
एकेक गाठ सोडवून काढावीत तशी.
एकशे चोवीस गाठी.
मागे चौकट उरते,
आणि काळं.

आता नजर मुद्दाम मंद करायची.
हे शिकायला मला दोन वर्षं लागली.
धारदार पाहिलं की ते नसतं.
चष्मा काढून पाहिल्यासारखं पाहिलं
की मध्यभागी काहीतरी साकळतं.
डाग म्हणावा तर त्याला कडा नाहीत.
तीस लाख प्रकाशवर्षं रुंद,
आणि माझ्या पडद्यावर अंगठ्याएवढं.

बाबा तीनला उठतात. शापोऱ्याला भरती आली
की मानशीचं दार वर करायचं,
मिठागरात पाणी घ्यायचं, वेळेवर दार पाडायचं.
बॅटरी शोधता शोधता ते माझ्यामागे थांबले.
"कोणाचें गो तें?"

कोणाचंच नाही, म्हटलं.
दोन समूह एकमेकांत शिरले, अब्जभर वर्षांपूर्वी.
आकाशगंगा आकाशगंगांच्या बाजूनं निघून गेल्या,
एक सुद्धा एकीवर आपटली नाही.
आपटलं ते मधलं.
मधे म्हणजे पोकळी नव्हे, बाबा,
तिथं विरळ, भयंकर तापलेला वायू असतो.
त्यात काही जुने इलेक्ट्रॉन पडून होते,
दमलेले, कधीच विझायला हवे होते असे.
ढवळाढवळ झाली आणि ते पुन्हा पळू लागले,
चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेत.
त्यांचं हे

इथं शब्द अडला.
उजेड नाही, आवाज तर नाहीच.

बाबांनी बॅटरी दोनदा तळहातावर आपटली.
"मगीर एक-चौदाच्या उताऱ्यार कितें बरयतले?"

हसले नाहीत ते. मीही नाही.
आजोबांना सर्व्हेवाल्यानं विचारलं होतं,
हे मिठागर कोणाचं.
गावाचं, ते म्हणाले.
त्यानं रकान्यात एक आडवी रेघ मारली आणि चहा घेतला.
त्या रेघेवर आज तिघांचा दावा आहे,
एकाला तिथं बोटी बांधायला धक्का हवाय,
आणि बाबा दर तारखेला म्हापशाला जातात,
इस्त्रीचा शर्ट घालून,
नसलेल्या नावाच्या बाजूनं उभे राहायला.

ते गेले. बांधावर बॅटरीचा ठिपका
थोडा हलत, थोडा थांबत लांब होत गेला.
सवयीनं मी तोही वजा केला.
आणि दचकून, घाईघाईनं,
पुन्हा जोडला.

सरांना लिहायचं आहे: खात्री अजून नाही.
गोंगाटाच्या तिप्पट, फार तर साडेतीनपट.
उरलेल्या ठिपक्यांचा चिखलही असू शकेल तो.
आणखी एक रात्र मागून बघू.

खालून दार पडल्याचा जाड आवाज आला,
लाकडावर ओलं लाकूड.
आत आलेलं पाणी आता आतच राहील,
शिगम्यापर्यंत त्याचं काय ते होईल.
तक्त्यात चौथा रकाना आहे, उगमाचं नाव.
तो मी रिकामा ठेवला.
रेघ मारली नाही.